मंगलाताईंची निळी प्रत

तुमच्या दारात कोणी सरकारी माणूस आला, पेरणी कधी केली, बियाणं कुठून आणलं असं विचारून सगळं वहीत लिहून घेऊन गेला, तर तो कागद पुढे कुठे जातो, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मीही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला मंगलाताईंनी शिकवलं. आणि त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी विसरवाडीच्या फाट्यावर नवापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते. फोन संशोधन केंद्रातून होता. “ताई सकाळी गेल्या, झोपेतच,” एवढंच पलीकडून आलं. समोरून ट्रक जात होते, त्यामुळे मी दोनदा “कोण?” असं विचारलं. खरं तर पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं…

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मंगलाताई आमच्याकडच्या एका कृषी संशोधन केंद्रात सहायक होत्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊन जुन्या मक्याची, ज्वारीची, भगरीची वाणं कोणाच्या घरात अजून टिकून आहेत, ती कधी पेरतात, कधी फुलोऱ्यावर येतात, याच्या नोंदी करणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून दोन दिवस सारंगखेड्याहून एसटीनं यायच्या आणि आपल्या जुन्या टेबलापाशी बसायच्या. त्यांना कोणी बोलावलेलं नसे, पण उठून जा असंही कोणी म्हणत नसे.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आईवडील चळवळीतले, मी अक्षरं गिरवली तीही मोर्चाच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. मोठी झाल्यावर नंदुरबारमध्ये आम्ही पाच-सहा जणांनी मुक्त सॉफ्टवेअरचा गट सुरू केला. ज्या प्रोग्रामची आतली रचना कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, तोच वापरायचा आणि तसाच लिहायचा, हे आमचं तत्त्व. त्या जोरावर मी एक पत्रक काढलं. डोंगरातल्या लोकांची माहिती संशोधन केंद्रानं कुलपात टाकली आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं. आठवड्याभरानं पांढऱ्या केसांची एक बाई आमच्या खोलीत आली. हातात तेच पत्रक, त्यावर लाल पेनाच्या रेघा.

“हाई पत्रक कोन्ही लिखं?”

“मी लिहिलं,” मी म्हणाले. भांडायला तयारच होते.

“चांगलं लिखं शे. तीन चुका शेतस. आमना केंद्रमा कधी उनी व्हती का?”

“नाही, केंद्रात कधी आले नाही.”

“मंग लिखं कसं?”

माझ्या मित्रांनी मान खाली घालून हसू दाबलं. ताई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक चूक सांगू लागल्या. केंद्रात मोठा सर्व्हर आहे असं मी लिहिलं होतं; तिथे प्लास्टिकच्या कव्हराखाली एकच कॉम्प्युटर होता. केंद्र माहिती दडवतं असं लिहिलं होतं. खरं तर ती त्यांना स्वतःलाच दिसत नव्हती. नोंदींचा प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा, कंपनी बंद पडली आणि जुन्या फायली उघडेनात. तिसरी चूक सांगण्याआधी त्यांनी पिशवीतून एक वही काढली. पानापानात निळा कार्बन. “तू लिखं का लोकेसना हातमा काहीच ऱ्हात नही. वरलं पान ऑफिसनं. खालनं पान ज्यानं सांगं, त्यानं.”

ज्यानं सांगितलं, त्याच्या घरी प्रत ठेवायची. केंद्राच्या कुठल्याही नियमात हे नव्हतं. ताईंनी नोकरीच्या सुरुवातीपासून ते आपल्या मनानं चालवलं होतं. का, असं मी नंतर कितीतरी वेळा विचारलं. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाल्या, ऑफिसच्या कपाटाला वाळवी लागते. एकदा म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊन भरलेली वही घेऊन निघायला लाज वाटते. यातलं खरं कोणतं, हे कुतूहल मला अजून आहे.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर गेले. रुमलीबाई नावाच्या एका म्हातारीच्या घरी आम्ही बसलो. ताई पावरी मोडकीतोडकी बोलायच्या, पण प्रश्न इतक्या उत्सुकतेनं विचारायच्या की रुमलीबाई हसत हसत दुप्पट सांगायची. लिहून झाल्यावर ताईंनी तिच्या नातीकडून निळं पान वाचून घेतलं. रुमलीबाईनं ते गुंडाळून बियाण्याच्या टोपलीशेजारी बांबूच्या नळीत खुपसलं. तिथे आधीची बरीच पानं होती. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती म्हणाली, “हे साहेबांचं नाही. माझंच बोलणं आहे.”

मग आम्ही केंद्रासाठी नवा प्रोग्राम लिहायला घेतला. केंद्रप्रमुख साहेबांचा आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. “आज तुम्ही उत्साहात आहात. उद्या नोकरी लागेल, लग्न होईल, पुण्याला जाल. मग हे कोणाच्या गळ्यात?” मी म्हणाले, “लग्नाचं आम्ही बघू साहेब, तुम्ही परवानगीचं बघा.” ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. परवानगी मिळाली. ऑफिसमधली वरची पानं कॉम्प्युटरवर चढवल्यावर रद्दीत गेली होती, म्हणून घराघरातल्या निळ्या पानांचे फोटो काढून आम्ही उघडत नसलेल्या वर्षांच्या नोंदी परत उभ्या केल्या. ऑफिसनं हरवलेलं डोंगरानं जपलं होतं. त्या दिवसांत मी हवेत होते.

आणि तिथेच मी घाण केली. लोकांच्या पैशातून जमलेली माहिती लोकांना खुली पाहिजे, हे मी लहानपणापासून ओरडत आले होते. प्रोग्राम तयार झाल्याबरोबर मी सगळ्या नोंदी नेटवर खुल्या केल्या. गाव, पाडा, घरातल्या माणसाचं नाव, वाण, सगळं. ताईंना विचारलं नाही, साहेबांना नाही, रुमलीबाईला तर नाहीच. दोन महिन्यांनी एक जीप तिच्या दारात थांबली. अनोळखी माणसांच्या हातात आमच्या नेटवरच्या यादीची छापील प्रत होती. त्यांना तिचा पांढरा मका हवा होता. तो तिच्या सासूकडून आलेला. नवाईच्या, म्हणजे नव्या पिकाच्या पूजेच्या, आधी ते बी घराबाहेर काढायचं नाही, अशी त्या घरची रीत. माणसं संध्याकाळपर्यंत हटली नाहीत. नातीनं शेजारचे लोक बोलावले तेव्हा गेली.

पुढच्या खेपेला ताई गेल्या, तर रुमलीबाईनं नळीतली सगळी निळी पानं काढून त्यांच्यासमोर ठेवली. “मी मंगलाबाईला सांगितलं होतं. रस्त्याला नाही सांगितलं.” ताई ती पानं पिशवीत घालून घेऊन आल्या. साहेबांपुढे त्यांनी “फाइल मी दिली होती, चूक मन्ही शे” असं सांगितलं. ते खरं नव्हतं. साहेबांनी नेटवरच्या नोंदी उतरवायला लावल्या आणि आमच्या गटाला केंद्राचं दार बंद केलं. मला वाटलं, संपलं. वर्षानुवर्षं पायी फिरून बाईनं जे कमावलं, ते मी एका बटणानं घालवलं.

ताई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या आमच्या खोलीवर आल्या, पानांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “पोरी, तू म्हनस लोके, लोके. लोके म्हंजे कोन, माले समजाडी सांग.” मी बोलत राहिले आणि माझं बोलणं मलाच पोकळ ऐकू येत राहिलं. मग त्यांनी वेगळंच विचारलं. तुमच्या प्रोग्राममध्ये कोणी ओळ बदलली तर कळतं कसं? मी सांगितलं, कोणी बदललं, का बदललं, हे लिहून ठेवावं लागतं; दुसरा ते वाचतो, मान्य करतो, मगच ते आत जातं; आणि प्रत ज्याला हवी त्याला मिळते. ताईंनी पिशवीतलं एक निळं पान काढून माझ्यासमोर धरलं.

“म्हंजे तुमनाबी कार्बनच शे. मंग दुसरानं वाचाना आधी तू आत कसं घालं?”

आमचाच नियम होता. प्रोग्रामसाठी पाळत होतो, माणसांसाठी पाळला नव्हता.

त्या प्रश्नातून पुढचं सगळं उभं राहिलं. प्रोग्राममध्ये आम्ही एक नवा रकाना घातला: ‘घरी वाचून दाखवलं का? हो म्हणाले का?’ तो भरल्याशिवाय कुठलीही नोंद केंद्राबाहेर जात नाही, आणि माणसाचं, पाड्याचं नाव तर जातच नाही. ताई हे घेऊन साहेबांकडे गेल्या. दार पुन्हा उघडायला साहेबांची अट वेगळी होती: तुम्ही उद्या नसलात तरी माझ्या कारकुनाला चालवता आलं पाहिजे. तेव्हा मला तो अपमान वाटला होता. आता कळतं, तेही प्रतच मागत होते. मी साध्या मराठीत सगळं लिहून काढलं, कारकून समोर बसून वाचे आणि अडला की मी पुन्हा लिहीत असे. साहेबांनी सही केली. हे सगळं होईपर्यंत एक पावसाळा उलटला.

रुमलीबाईकडे मात्र मलाच जावं लागलं. ताई सोबत होत्या, पण अंगणाबाहेर थांबल्या. मी पिशवीतली पानं रुमलीबाईपुढे ठेवली आणि माफी मागितली. ती नातीला म्हणाली, वाच. एकेक पान वाचलं गेलं. प्रत्येकाला ती मान हलवून हो म्हणाली. पांढऱ्या मक्याचं पान आलं तेव्हा तिनं ते हातात घेतलं, चुलीत घातलं आणि बाकीची पानं पुन्हा नळीत सरकवली. आज आमच्या खुल्या यादीत त्या जागी वाणाचं नाव नाही, पेरणीचा दिवस नाही. ताईंनी सांगितलं म्हणून तिथे फक्त दोन शब्द आहेत: ‘घरी आहे.’

परवा केंद्रात गेले होते. ताईंचं टेबल अजून हलवलेलं नाही. खणात अर्धी वापरलेली वही आणि झिजलेला कार्बन. तो खिडकीशी धरला तर त्यावर कितीतरी घरांची अक्षरं एकावर एक उमटलेली दिसतात, एकही ओळ सलग लागत नाही… नव्या सहायकाला टॅब्लेट मिळालं आहे. तो चांगला मुलगा आहे. “ताई, आता कार्बनची गरज आहे का?” असं त्यानं मला विचारलं. साहेबांनी अजून ठरवलेलं नाही. कोणी प्रत मागितली नाही, तर ते आपोआप ठरेल.

म्हणून एवढंच मागणं. पुढच्या वेळी तुमच्या दारात कोणी विचारायला आलं, तर त्याला बसवा, चहा द्या, सगळं सांगा. आणि तो उठायच्या आधी म्हणा, आता वाचून दाखव, आणि माझी प्रत इथे ठेवून जा.