बदामाचे वेढे

मेहरूण भागातल्या आमच्या घरी बाळाला न्हाऊ घालायला येणारी अक्का सहाणेवर गुटी उगाळताना वेढे मोठ्याने मोजायची. हळकुंडाचे दोन, खारकेचे तीन, बदामाचे पाच. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. तिचा हा काटेकोरपणा मला आवडे.

मुलगी पाच महिन्यांची झाली तरी वजन वाढेना. रोज उलटी, अंगावर पित्ताच्या गांधी. डॉक्टर म्हणाले, उष्णता. अक्का म्हणाली, "पोर अशक्त शे," आणि तिने बदाम सात वेढ्यांवर नेला.

मी कॅलेंडरवर रोजचे वेढे लिहीत होतो आणि शेजारी अंगावर किती गांधी उठल्या तो आकडा. एका सकाळी म्हणालो, "अक्का, बदाम वाढला तशा गांधीही वाढल्या." बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. अक्काच्या गुटीला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती.

अक्काला वाचता येत नव्हतं. मी आकडे वाचले, तिने ते बोटांवर दोनदा मोजले. मग सहाणेवरचा बदाम उचलून स्वतःच्याच तोंडात टाकला.

"तुमना कागद खरा शे, भाऊ. मना हात चुकना."

बदाम बंद केल्यापासून बाराव्या दिवशी अंग स्वच्छ झालं. महिन्याभरात वजन पाऊण किलोने वाढलं.

तेव्हापासून नव्या घरी गुटी सुरू करण्याआधी अक्का दारातूनच विचारते, "घरमा कॅलेंडर शे का?"