टोपलीला बंदी असलेला डोंगर

या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कासराभर दिवस वर आला तेव्हा, गयाबाईंना त्यांच्याच डोंगराच्या पायथ्याशी अडवलं गेलं. अडवणारा त्यांचा सख्खा भाचा दत्ता होता. मी शेजारीच उभी होते, म्हणून लिहितेय.

मी निघाले होते मजेत. हिंगोलीहून सकाळच्या एसटीनं औंढ्याकडे, पिशवीत भाकरी-ठेचा, पायात नवे बूट. माथ्यावरून सिद्धेश्वर धरणाचं पाणी दिसतं, असं ऐकलं होतं. पायथ्याशी निसर्गाचं रक्षण करणाऱ्या समितीनं आधी झुडपं उपटून फरशी बसवली आहे. सिमेंटचं माकड तोंड वासून कचरा मागतं. मग तारेचं कुंपण, फाटक, आणि फाटकावर दत्ता.

मला त्यानं सलाम ठोकला. मागून रिकामी टोपली घेऊन आलेल्या गयाबाईंना म्हणाला, "आत्या, तुमी न्हाई. वर फक्त फिरणारे."

"मी काय वर जाऊन निजते व्हय? फिरतेच की."

दत्ता खाली बघत पुटपुटला, की समितीच्या साहेबांच्या हिशेबानं फिरणारे म्हणजे बूटवाले, बिनटोपलीचे.

इथली रीत अशी : डोंगरावरची सीताफळं कुणाच्या मालकीची नाहीत, पण प्रत्येक घरच्या बाईचा एक उतार ठरलेला. तो सासूकडून सुनेकडे येतो. दुसरी तिथं हात लावत नाही. दिवाळीपर्यंत फळं रस्त्यावर विकायची, त्यावर गयाबाईंचा हिवाळा निघतो.

गयाबाईंनी टोपली दत्ताच्या खुर्चीवर ठेवली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "पोरी, बूट काढ."

बूट घालून त्या आत शिरल्या. दत्तानं त्यांनाही सलाम ठोकला. मी अनवाणी त्यांच्यामागून गेले. पहिल्या वळणापलीकडे त्यांनी बूट मला परत दिले. चावत होते म्हणे मेले.

वर त्यांच्या उतारावर बूटवाल्यांनी फोटोसाठी फांद्या वाकवून मोडल्या होत्या. कच्च्या फळांना दात लावून ती फेकली होती. डोळे उघडलेली (खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झालेली) तेवढी फळं गयाबाईंनी पदरात घेतली. खाली सिद्धेश्वरचं पाणी खरंच सुंदर दिसत होतं, पण ते बघायला मला तोंड राहिलं नव्हतं.

उतरलो तर समितीचे अध्यक्ष हजर. निसर्गाची लूट चालणार नाही म्हणत त्यांनी पदर रिकामा करायला लावला. फळं गेली समितीच्या स्टॉलमागे. स्टॉलवर पाटी : 'डोंगरची अस्सल सीताफळ रबडी'. मी आवाज चढवला, तर म्हणाले, बेटा, हे सगळं तुमच्यासारख्या तरुणांसाठीच केलंय.

गयाबाईंनी पदर झटकला. "बराबर हाय. हिच्यासाठी फाटक, माकडासाठी खाऊ. माझ्यासाठी काय हाय?"

"सफाईचं काम देऊ की. वरची सालं उचलायची."

परतीच्या एसटीत मला तेच खुपत राहिलं : अध्यक्ष खोटं बोलले नव्हते. कुंपण माझ्यासाठीच आहे. मी सलाम घेऊन आत जाते, म्हणून ते उभं आहे.

आता दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिथं जाणार, मला ठाऊक आहे. जा. फाटक उघडेल, आत पाऊल टाकू नका. आधी गयाबाई जातील, टोपलीसकट, असं सांगा आणि त्या वर जाईपर्यंत फाटकातच बसून राहा.