उपरण्याखालचा हात

नेमगोंडा गेल्याचं कळलं त्या सकाळी मी ऊसतोडीचा कोयता घेऊन इस्लामपूरच्या चौकात गेलो. तिथं त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. माणूस अजून सांगलीच्या दवाखान्यातनं घरी यायचा होता आणि इकडं पंधरा फुटी फ्लेक्स तयार! कोपऱ्यात नेमूचा तळहाताएवढा फोटो आणि मधोमध हात जोडून उभे आमचे तोफखाना. हे नाव मी ठेवलेलं. आमच्या भागातले मोठे पुढारी, दिल्लीपर्यंत पोचलेले, पण तोंड उघडलं की ‘घुसून मारू’ आणि ‘राख करू’ याशिवाय शब्द नाही. मी स्वतः खऱ्या तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो. खरा गोळा शंभर हातांवर पडला तर हा माणूस चपला सोडून पळेल, हे मी लिहून देतो. ज्यानं नेमूला जिवंतपणी गद्दार ठरवलं, त्यानं आता हात जोडावेत? माझं डोकंच फिरलं. शिडी मागितली, कुणी देईना. मग सत्तरीचा मी तसाच बांबूवर चढलो आणि तो फ्लेक्स तोफखान्याच्या गळ्यापासून बेंबीपर्यंत उभा फाडला. एकानं खालून पाय ओढला, त्याच्या छातीत लाथ घातली. खाली पडलो, कोपर फुटलं, तरी उरलेला फ्लेक्स हातानं फाडत होतो. ओळखीचा हवालदार धावत आला. “नाना, येड लागलंय का तुमाला?” म्हटलं, “व्हय.”

लोक म्हणतात, सुभेदारानं मित्रापायी केलं. कुणी कौतुकही करतं. पण खरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय नेमूबद्दल चार शब्द लिहायचा मला अधिकार नाही. नेमूच्या नावाचा पहिला फ्लेक्स त्याच चौकात, त्याच बांबूंवर, मीच लावला होता…

आमचं गाव इस्लामपूरजवळ, सातारा जिल्ह्याच्या हद्दीवरचं. वडील दर साल हळद घेऊन सांगलीच्या पेठेत जायचे ते नेमूच्या वडिलांच्या अडतीवर. ते जैन, आम्ही मराठे, पण दोन घरांचा दोन पिढ्यांचा घरोबा. पुढं मी सांगलीला शिकायला राहिलो तो त्यांच्याच माडीवर. त्या काळी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि अडत्या समोरासमोर बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे. आकडा दोघांनाच कळायचा. पटलं की सगळा पंजा घट्ट दाबायचा, की सौदा झाला. मग त्यातनं मागं फिरायची सोय नाही. मी एकदा विचारलं, “काका, सरळ बोलत का न्हाई?” काका म्हणाले, “उघड्यावर बोललं की माणूस भावाकडं बघत न्हाई रं, गर्दीकडं बघतो.” मी हसलो आणि विसरलो. नेमूनं मात्र ते वाक्य जन्मभर सांभाळलं.

मी सैन्यात गेलो, नेमू परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात. मी सरहद्दीवर गोळे टाकत होतो आणि तो कुठल्या कुठल्या देशांत कोट घालून बोलत होता. सुट्टीत भेटलो की मी त्याची टर उडवायचो. “तू नुसता बोलतोस. काम आमी करतो.” तो म्हणायचा, “तुझं काम कमी व्हावं म्हणूनच बोलतोय की, येशा.” मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मीही तोफखान्याच्याच जातीचा होतो. पलीकडचं एक गाव उडालं तर मला बरं वाटायचं. एकदा आमच्या गोळ्यानं उडालेली जागा मी दुर्बिणीतनं बघितली. तिथं चूल पेटलेली होती, वर भांडं तसंच होतं, आणि माणसं कुठं कुठं पडली होती ते मी सांगत नाही. त्यानंतर मी त्याची टर उडवणं बंद केलं.

निवृत्त झाल्यावर नेमूला सरकारनं परत बोलावलं. काम गुपचूप होतं. आपल्याकडंही अणुबॉम्ब, पलीकडंही. बॉम्ब एका जागी आणि ते नेणारी क्षेपणास्त्रं दुसऱ्या जागी ठेवायची, आणि दोन्ही एकत्र आणायची झाली तर समोरच्याला आधी काही दिवस कळवायचं. म्हणजे कुणाचं डोकं फिरलं तरी ते ठिकाणावर यायला तेवढे दिवस मिळतील. एवढंच ठरवायचं होतं. तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात बैठका चालायच्या आणि अशी बोलणी चालू आहेत हे दोन्ही सरकारं कबूल करत नव्हती. पलीकडून एक म्हातारा ब्रिगेडियर यायचा. गाडं अडलं होतं ते किती दिवस आधी कळवायचं यावर. आपले म्हणायचे पंधरा, ते म्हणायचे तीन. मोठ्यानं आकडा बदलायची दोघांचीही छाती नव्हती, कारण प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या सरकारचे लोक वह्या उघडून बसलेले.

एके दुपारी जेवताना नेमूनं मांडीवरचा नॅपकिन उचलून टेबलाच्या कोपऱ्यावर टाकला आणि त्याखाली हात सरकवला. सहज, खोडी म्हणून. ब्रिगेडियरनं क्षणभर बघितलं आणि आपलाही हात आत घातला. त्याचा बाप गुरांचा व्यापारी! त्यांच्याकडंही जत्रेत बैलाचा भाव चादरीखालीच होतो म्हणे. दोन म्हातारे एकीकडं भात खातायत आणि नॅपकिनखाली दोन देशांचं मरण मागं ढकलतायत. आठ दिवसांवर पंजा दाबला. संध्याकाळी नेमूनं मला फोन केला. त्याला इतकं आनंदलेलं मी लग्नातही बघितलं नव्हतं. “येशा, हात दाबला गड्या!” म्हणाला. “सह्या व्हायच्यात अजून. कुणाला बोलू नगंस.”

आणि मी काय केलं? मी बोललो नाही. मी फ्लेक्स लावला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा माणूस… पण आमच्या भागात दहावी पास झालेल्याचा फ्लेक्स लागतो, बैलाच्या वाढदिवसाचा लागतो. माझ्या मित्रानं एवढं मोठं काम केलं आणि चौक मोकळा? ऊर भरून आला होता. ‘सांगलीच्या सुपुत्राने शत्रूला नमवले! अणुकरारात भारताचा विजय!’ पाठीमागं वाघ, खाली क्षेपणास्त्रं, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला मी, काळा गॉगल लावलेला. गुपित फोडतोय असं मनातसुद्धा आलं नाही. आपल्या माणसाचं कौतुक हे गुपित असतं असं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारपर्यंत त्याचा फोटो फोनाफोनातनं फिरला आणि दोन दिवसांत दिल्लीला पोचला. तोफखाना टीव्हीवर गरजले, “लपून काय विकून आलात? कुणाला विचारून?” पलीकडंही त्यांचे तोफखाने होतेच. तिथल्या एकानं तोच फोटो भर सभागृहात फडकावला. ‘नमवले म्हणतायत आपल्याला! कुणी वाकवली आपली मान?’ एकच फ्लेक्स दोन्हीकडच्यांना पुरला. आठवड्याच्या आत दोन्ही सरकारांनी हात झटकले. पुढच्या शुक्रवारी ब्रिगेडियर घरातनं बाहेर पडत असताना त्याच्यावर कुणीतरी दारातच सात गोळ्या झाडल्या. बायको पाठीमागं त्याची काठी घेऊन उभी होती.

मग सरहद्द पेटली. बावीस दिवस दोन्हीकडनं गोळे पडत होते. आमच्या भावकीतला संदीप, चोवीस वर्षांचा, त्यात गेला. पेटी गावात आली ती उघडायची नाही असं सांगितलेलं. मी खांदा दिला. पेटी हलकी होती, लय हलकी. तिथंही तोफखाना आले आणि सरणाशेजारी उभं राहून बोलले, “पोराच्या रक्ताला जबाबदार कोण? शत्रूबरोबर एका ताटात जेवणारा सांगलीत बसलाय!” दीडशे मोटारसायकली तिथनंच निघाल्या.

मी एसटीनं पोचलो तोवर नेमूच्या घराच्या काचा रस्त्यावर आल्या होत्या. घोषणा, दगड, बाटल्या. पोरं आमचीच, काही तर माझ्याकडं भरतीची तयारी करायला यायची ती. नेमू दारात उभा होता. हात वर करून काहीतरी बोलायला बघत होता, सवयच ती. एक दगड डोळ्यावर बसला, दुसरा कानशिलावर. तो गुडघ्यावर आला तरी दगड थांबेनात. मी गर्दीत शिरून दिसेल त्याला हाणलं, माझे दोन दात पडले, पण पोचायला उशीर झाला. सुलोचना वहिनींनी त्याचं डोकं पदरात घेतलं होतं आणि पदरातनं रक्त गळत होतं. मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी काय केलं हो?”

डोळा गेला. वर्षभरानं डावी बाजू लुळी पडली. मी दर आठवड्याला जायचो, शेव-केळं घेऊन. क्रिकेट बोलायचो, पाऊसपाणी बोलायचो, आणि मनात असलेलं सोडून सगळं बोलायचो. त्यानंही कधी विचारलं नाही. शुभेच्छुकांच्या रांगेत माझं तोंड त्यानं बघितलं नसेल असं मी स्वतःला समजावत होतो. इतका भेकड मी सरहद्दीवर कधी नव्हतो.

शेवटची भेट दवाखान्यात, दुपारची. त्यानं वहिनींना सांगून घरातनं वडिलांचं उपरणं आणून घेतलं होतं. पिवळं पडलेलं, कडेला हळदीचे डाग तसेच. चांगल्या हातानं ते आमच्या दोघांच्या हातांवर ओढलं आणि म्हणाला, “हं… बोल.”

उपरण्याखाली खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं, “नेमू, त्यो फ्लेक्स मी लावला व्हता.”

तो अर्ध्या तोंडानं हसला. “म्हाईत हाय की. काळा गॉगल घालून… दुसरं कोण व्हतं मग?”

मी रडलो. सत्तरीचा गडी, नर्ससमोर, हमसून हमसून रडलो. त्यानं उपरण्याखाली माझा सगळा पंजा दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. मग थांबत थांबत म्हणाला, “माझा हिशोब मिटला. ब्रिगेडियरचा… मी कसा मिटवू? त्याच्या बायकोला तू सांग.” चौथ्या दिवशी गेला.

उपरणं वहिनींनी मला दिलं. तो पहिला फ्लेक्स माझाच, हे त्यांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, चहा ठेवला आणि म्हणाल्या, “त्यांनी दिलंय ते घेऊन जा.” अजून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मिरजेच्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडून मी पत्र लिहून घेतलंय. फ्लेक्स कुणी लावला, का लावला, सगळं, गॉगलसकट. पाकिटावर पत्ता नेमूच्या वहीतला. ते उपरण्यात गुंडाळून दर सोमवारी पोस्टात नेतो. खिडकीवरची बाई आता लांबूनच मान हलवते, “नाना, तिकडचं टपाल बंदच हाय अजून.” मी परत येतो. फ्लेक्स मात्र त्या दिवशी दोन तासांत छापून मिळाला होता.