मामाजींच्या धोतराची चाळणी

लग्न होऊन अमडापूरहून मी खामगावात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्यही नवं होतं आणि मीही नवी होते. सासरे कापसाच्या धंद्यातले. त्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. दारात एक जुनी विलायती मोटार. ती माझा नवरा चालवायचा आणि मामाजी मागच्या सीटवर ऐसपैस बसून बाजारात जायचे.

त्यांची धोतरं मी धुवायची. आणि धुतली की त्यांना भोकं पडायची. एखाददुसरं नाही, पार चाळणी. अंगावरून उतरलेलं धोतर धड दिसायचं, दगडावर घातलं की विरलंच. आत्याबाई ते उन्हाकडे धरून त्या भोकांतून माझ्याकडे बघायच्या. "धुऊन राह्यली का कापूस पिंजून राह्यली?" माझा हात जड, हे खरं. राग आला की धुण्याची मोगरी जोरात पडायची, आणि त्या घरात राग रोजच यायचा. मग मी मोगरी सोडली, साबण बदलला, नुसत्या बोटांनी चोळायला लागले. भोकं वाढतच गेली. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. रविवारी हिच्या बापाला बोलावलंय, घेऊन जाऊ दे, धुणं शिकवून मग पाठवू दे. धुण्यावरून माघारी धाडलेली सून! गावात कोणतं तोंड दाखवायचं?

मामाजींचं लक्ष सगळं मोटारीत. तिची बॅटरी मागच्या सीटखाली होती. कधीतरी दिवे मंद लागले म्हणून मामाजींनी स्वतः पेचकस घेऊन, बॅटरीला करंट पोचवणारी जी डबी असते, कटआउट म्हणतात तिला, तिचा स्क्रू पिळला होता. तेव्हापासून दिवे झगझगीत, फक्त बल्ब सारखे उडायचे. "आजकाल मालच खराब येऊन राह्यला," असं त्यांचं म्हणणं. बॅटरीला पाणीही फार लागायचं. त्याचंसुद्धा कौतुकच. "कामाचा बैल पाणी पेतेच," म्हणत रोज सकाळी ती काठोकाठ भरायचे. नवऱ्यानं एकदा विचारलं, "बाबा, एवढं पाणी कुठं जाऊन राह्यलं?"

"तू गाडी चालव," मामाजी म्हणाले.

शनिवारी आम्ही लोणारला निघालो, तळ्याकाठच्या देवीची ओटी भरायला. दोघी बायका मागे, म्हणून त्या दिवशी मामाजी पुढे बसले. लोणारच्या तळ्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. पण आम्हाला तो अमडापूरच्या अलीकडेच यायला लागला. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. "आलं वाटते लोणार."

"लोणार लय दूर आहे अजून," पुढून नवरा म्हणाला.

आत्याबाईंनी खिडकीतून माझं माहेर पाहिलं, मग मला पाहिलं. "मंग तुह्या गावाचा वास असन."

मी दात आवळून बसले. देवीला निघाले होते, नाहीतर उतरून पायी गेले असते.

तळ्यावर वास होताच, त्यामुळं तिथं कुणाला काही वाटलं नाही. पण येताना चिखली मागे पडली तरी वास मोटारीतच. नाक झोंबू लागलं, डोळ्यांतून पाणी. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायची पद्धत नव्हती. म्हणून मी आत्याबाईंनाच विचारलं, पण पुढच्या सीटवर ऐकू जाईल असं, "आत्याबाई, तळं आपल्या मागं मागं येऊन राह्यलं का?"

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली, आम्हाला उतरवलं आणि सीट उचलली. खाली बॅटरी वरणासारखी खदखदत होती. झाकणांतून फेस बाहेर येत होता, खालचं लोखंड पार खाऊन गेलेलं, सीटमधला कापूस ओलाचिंब. मामाजींनी सवयीनं त्यातला कापूस चिमटीत धरला आणि बाजारात धागा बघतात तसा ओढला. धागा निघालाच नाही, भुगा झाला. बोटं चुरचुरली तशी त्यांनी ती धोतराला पुसली, आणि पुसता पुसता थांबले.

"तेजाब आहे ते, बॅटरीतलं अ‍ॅसिड," नवरा म्हणाला. "करंट जास्त जाते म्हणून उकळते. त्यात आपण काठोकाठ भरतो."

मामाजी शेतांकडे वळले. कुणाच्या तरी वावरातली कापसाची पऱ्हाटी चांगली आलीय, असं काहीतरी म्हणाले.

आत्याबाईंना मात्र पटलं नाही. मोटार कशी धोतर फाडेल? रविवारी सकाळी त्यांनी लोणारला नेसलेलं आपलं लुगडं स्वतः धुवायला घेतलं. मला शिवू दिलं नाही. "पाह्य, असं धुवा लागते," म्हणत तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं हलकेच पाण्यात बुडवलं. वर काढलं, तर पदर-काठ तेवढे हातात आले, बसायच्या जागेचा सगळा भाग पाण्यातच राहिला. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आत्याबाईंनी हातात उरलेलं लुगडं उन्हाकडे धरलं.

तेवढ्यात माझे वडील आले. टोपी हातात, मान खाली. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "पोरीचं काही चुकलं असन, तर मी तिले घेऊन जातो."

आत्याबाई दाराआडून पदर सावरत बोलल्या, "न्यायचीच असन तर ते गाडी घेऊन जा, इवाई. पोरगी नाही भेटत."

मी चुलीपाशी होते. इतके दिवस दाबून धरलेलं रडू तेव्हा फुटलं, चांगलं मोठ्यानं. आत्याबाई आत आल्या.

"आता काऊन रडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "च्या मांड तुह्या बापाले. उपाशी आले असन, भेवानं."