गुरुवारचं पातेलं

आज सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं, तर सोसायटीचा वॉचमन स्टोव्हपाशी बसला होता. त्याच्या जोडीदाराचा, दुसऱ्या वॉचमनचा, उपास असावा. कारण त्याने पातेलं दोनदा घासलं, आधी साबुदाण्याची खिचडी टाकली आणि स्वतःची अंडी बाजूला ठेवली.

मस्कतच्या खोलीत युसुफ असंच करायचा. तो लाहोरचा, मी सांगलीचा, दोघंही वेल्डर. गुरुवारी मी मांसाहाराच्या भांड्यातलं खात नसे. तो पातेलं लख्ख घासून माझी डाळ आधी शिजवायचा. म्हणायचा, "पहले तेरी दाल. तेरे भगवान से कौन झगड़ा मोल ले!"

मी चिडवायचो, "तुमच्याकडे सगळं लष्करच चालवतं."

"हाँ भाई, मुझसे पूछकर ही चलाते हैं!"

सांगलीला परतल्यावर, सीमेवर काही घडलं की कट्ट्यावर माझाच आवाज मोठा असायचा. एकदा कुणीतरी विचारलं, "काका, आखातात तुम्हाला त्यांच्यातले भेटले असतील ना?"

"भेटले. सगळे सारखेच," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिथल्या लष्कराबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण ते उत्तर खोटं होतं. आज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर युसुफचं नाव घेऊन तसं सांगणार आहे.

दिवसभर आम्ही सारखेच राबायचो, सारखेच भुकेजायचो. तरी दर गुरुवारी तो माझ्यानंतर जेवायचा.

खाली जोडीदाराचं खाऊन झालं होतं. वॉचमनने आता कुठे पहिलं अंडं फोडलं.