बाळंतिणीच्या ताटावरचा खटला

शहागंजात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. तपासायचं बाळ असतं, पण खटला चालतो आईच्या ताटावर! बाळ रडलं की ताटातला एक पदार्थ गेलाच. असे किस्से इतके साठलेत, की जेवताना मी सुरू झाले की नवरा हात जोडतो. "आधी मला जेवू दे!"

*

पैठणच्या एका आजींनी पिशवीतून थेट डायपरच काढला. "बघा, हिरवी शी! हिनं पालक खाल्ला."

"आजी, तान्ह्या बाळांना होते कधीकधी हिरवी. पालक खाऊन दूध हिरवं होतं का?"

"ते बी बघितलं मी. पांढरंच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रंग आत लपवतंय!"

*

एका सुनेला दूध कमी म्हणून घरात डबाभर मेथीचे लाडू झाले. मी बाळाचं वजन केलं, छान वाढलं होतं. "लाडू लागू पडले!" आजी खूश.

सून माझ्या कानाशी आली. "मॅडम, मी एकबी खाल्ला नाय. लई कडू लागतात."

आजोबांनी हळूच मिशा पुसल्या.

*

दीड महिन्याच्या एका बाळानं काही दिवस शी केली नव्हती. सगळं घर दवाखान्यात! पोट मऊ, बाळ हसरं, दूध पोटभर पीत होतं. "अंगावर पिणाऱ्या बाळाचं चालतं असं," म्हणत मी पोटावर हात ठेवला, आणि त्यानं माझ्या स्टेथोस्कोपवरच कार्यक्रम उरकला.

"मॅडमच्या हाताला गुण हाय!"

आता त्यांचे पाहुणे येतात. "औषध नको, नुसता हात लावा."

*

एक नवरा बाळंतीण बायकोसाठी चोरून नानखलियाचा, म्हणजे नान आणि झणझणीत मटणाच्या रश्शाचा, डबा घेऊन आला. "इथंच खाऊ द्या, घरी वास येतो." ती इंजेक्शनच्या खोलीत बसून जेवली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, तिखटाचं नव्हे.

तेवढ्यात तिची सासू आली आणि वास घेत थांबली. "मॅडम, तुमचा डबा लई भारी असतो!"

मी शाकाहारी आहे. त्या अजून मला मसाला विचारतात.

*

आणि पाचोडच्या त्या सासूबाई! जुळी नातवंडं घेऊन आल्या. मागं उतरल्या चेहऱ्याची सून. डाळ बंद, बटाटा बंद, बिचारी दूधभातावर आली होती. एक पोर किंचाळत होतं, दुसरं गाढ झोपलेलं.

"दोन घास वांग्याचं भरीत खाल्लं हिनं. पोराच्या पोटात गॅस धरला!"

मला रागच आला. "अहो, दोघंही हिचंच दूध पितात. मग वांगं एकालाच कसं बाधलं?"

सासूबाईंनी दोन्ही पोरांकडं नीट पाहिलं.

"हे डावीकडं पितंय. वांगं डावीकडं गेलं असंल!"

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाई, उजवीकडचा तर शांत हाय. मंग मी उजव्या दाढंनं चावून खाऊ का?"

सासूबाईंनी पुन्हा एकदा दोन्ही पोरांकडं पाहिलं.

"खा," त्या म्हणाल्या. "पण खाल्ल्यावर कूस बदलू नको!"