स्क्रॅपमधले शब्द

त्या बुधवारी सकाळी मी कंपनीच्या बसने चाकणला गेलो. बायको शाळेत गेली. दुपारी शाळेतून फोन आला, की ती वर्गात खाली बसली आणि उठली नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, की ती गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या घरी परतले. चिंचवडच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक गोणी होती. तिच्यात बायकोने नुकतीच कापलेली अक्षरं होती. निळ्या शाईत अक्षरं, लाल शाईत काना, मात्रा, वेलांट्या, उकार. ती दापोडीच्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायची आणि ही अक्षरं वर्गासाठी होती. गोणी तशीच ठेवून मी महिनाभर कामावर जात राहिलो. मग गोणी उचलून शाळेत पोचती करायचं ठरवलं, कारण ती अक्षरं कापली होती मुलांसाठी, माझ्यासाठी नव्हे.

ही अक्षरं आली आमच्या कंपनीतून. मी तिथे क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीत आहे. सुटे भाग ज्या पेट्यांतून येतात त्यात जाड पांढरा फोम असतो, आणि पेटी रिकामी झाली की तो कचऱ्यात जातो. एकदा मी त्याचा एक तुकडा सहज घरी आणला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, कात्री घेतली आणि त्यातून 'म' कापला. "अहो, हा पडला तरी आवाज नाही, फेकून मारला तरी लागत नाही," ती म्हणाली. "माझ्या वर्गासाठीच बनवलाय की हा."

त्यानंतर मी रीतसर परवानगी घेऊन फोम आणू लागलो. आमच्याकडे गेटबाहेर खिळासुद्धा पासशिवाय जात नाही. पहिल्यांदा गेटवरचा सिक्युरिटीवाला गोणीत हात घालून चक्रावला होता.

"साहेब, ह्याचं काय करणार?"

"अक्षरं."

"राव, पासवर काय लिहू? अक्षरं म्हणून मटेरियलच नाही आपल्याकडं."

"स्क्रॅप लिहा."

"स्क्रॅप," तो लिहिता लिहिता म्हणाला, "शाळेसाठी. बघा, हे पण पहिल्यांदाच लिहितोय."

तिची तक्रार जुनी होती. मुलांना बाराखडी तोंडपाठ असते, सुरात म्हणतात, पण मधूनच 'के' कुठला विचारलं की क, का, कि, की असं पहिल्यापासून सुरू करून 'के'पर्यंत यावं लागतं. "गाणं येतंय त्यांना," ती म्हणायची, "वाचता येत नाही." कितीतरी वर्षं ती यावर काहीतरी शोधत होती. जेवताना मी असेंब्ली लाईनबद्दल बोलायचो, कुठल्या स्टेशनला कुठला सुटा भाग बसतो, शेवटी तपासणी कशी होते. ती पोळी मोडत हं-हं करायची. मला वाटायचं ऐकत नाही. एका रात्री मध्येच म्हणाली, "थांबा. तपासणारा शेवटीच का असतो? ती वस्तू त्याने स्वतः बनवलेली नसते म्हणून, ना?" मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गात लाईन सुरू झाली.

चार मुलं ओळीत बसायची. पहिल्याने अक्षर ठेवायचं, दुसऱ्याने त्याला काना किंवा मात्रा लावायची, तिसऱ्याने पुढचं अक्षर जोडायचं. चौथ्याने नुसतं वाचायचं, मोठ्याने. तो क्वालिटीवाला. वर्गातल्या बहुतेकांचे वडील भोसरी, चाकण, तळेगावच्या कंपन्यांत, त्यामुळे कोणाला काही समजवावं लागलं नाही. "ओके!" म्हणून शब्द डाव्या टोपलीत जायचा. शब्द अर्थाचा नसेल तर "रिजेक्ट!" आणि तो उजवीकडच्या स्क्रॅपच्या डब्यात.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली ती तिने मला हसून हसून सांगितली होती. मुलं चुकलेले शब्द न वाचताच पटकन डब्यात टाकायला लागली, वर एकाने डब्यावर दप्तर ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "बाई, साहेब आले की स्क्रॅप झाकायचं असतं." बापाकडून ऐकलेलं. तेव्हा तिने नियम केला, वाचल्याशिवाय स्क्रॅप करायचं नाही. 'मीटोका' असू दे नाहीतर 'पेढूला' असू दे, आधी खणखणीत वाचायचं, मग फेकायचं. तास संपताना डबा पालथा करून सगळ्या वर्गाने ते शब्द पुन्हा वाचायचे. त्या वेळचा गोंधळ शेजारच्या वर्गात ऐकू जायचा. तिकडच्या बाई विचारायच्या, "तुमच्याकडे आज गॅदरिंग आहे का?"

मी गोणी घेऊन गेलो तो गुरुवार होता. आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून शाळा चालू असताना मला जाता आलं. तिच्या जागी तरुण बाई आल्या होत्या. मी गोणी देऊन निघणार होतो. त्या म्हणाल्या, "सर, मला हा खेळ माहीत नाही. मुलं म्हणतात रोज खेळायचो. तुम्ही पाहिलाय का?" मी फक्त ऐकला होता. पण आम्ही दोघांनी काही ठरवायच्या आत मुलांनी गोणी ओतली, ओळी धरल्या, आणि एका मुलीने नव्या बाईंना हाताला धरून बाजूला नेलं. "बाई, तुमी इकडं. मोठ्यांनी लाईनवर बसायचं नसतं." त्या बाजूला उभ्या राहिल्या. मी खिडकीशी उभा होतो. कोणी न सांगता ती लाईन चालत होती, आणि मला इतका अभिमान वाटला की थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

बाईंना हाताला धरणारी ती मुलगी दुसरीतली. तिच्याबद्दल बायको घरी बोलायची. मराठवाड्यातलं कुटुंब, वडील चाकणला कंत्राटी कामावर, घरात धाकटा भाऊ. ती पहिली संपेपर्यंत एक शब्द वाचत नव्हती. दुसरीत लाईनवर बसून बसून नुकती वाचायला लागली होती, आणि बायको गेली. त्याच गुरुवारी शाळा सुटताना तिची आई आम्हाला भेटली, ती काळजीत होती.

"तिचे पप्पा म्हणायलेत, हिला वाचायला येत नाही तर इथं ठेवून काय करायचं," आई म्हणाली. "परीक्षा झाली की गावी आजीकडं धाडू. तिथं धाकट्याला बी सांभाळंल."

"पण तिला येतं वाचायला," नव्या बाई म्हणाल्या.

"घरी धडा धडाधडा म्हणती. पप्पा म्हणतेत, पाठ केलाय. पान उलटायच्या आधीच पुढचं म्हणती."

ते खरं होतं. धडा तिला पाठही होता. सगळ्या वर्गाला पाठ होता. बाईंनी वडिलांना पुढच्या गुरुवारी बोलावलं, आणि मलाही, "सर, तुम्ही असाल तर बरं" म्हणून. मी काय करणार होतो मला माहीत नव्हतं, पण गेलो. वडील रात्रपाळी करून थेट आले होते, डोळे लाल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मुलीने पुस्तक उघडून धडा वाचला.

"हे घरी बी म्हणती," ते म्हणाले. "बाई, राग मानू नका. मी पण चौथीपर्यंत असंच म्हणत होतो. नंतर कळलं की येत काहीच नाही. माझं झालं तसं हिचं नको. तिथं आजीजवळ निदान घरकाम तरी शिकंल."

मला तेव्हा फोमची अक्षरं दिसली, आणि एवढंच सुचलं. मी म्हणालो, "दादा, तुम्हीच एक शब्द बनवा. कुठल्या पुस्तकात नसलेला. स्वतःच्या मनाचा."

ते हसले. मग खाली बसले, मांडी घालून, लहान मुलाच्या जागी. अक्षरं चाळायला लागले. एक ठेवलं, लाल उकार लावला, दुसरं ठेवलं, मात्रा लावली, बदलली, पुन्हा लावली. वर्गातली पोरं गळ्यात गळा घालून वाकून बघत होती. "काका, लवकर, लाईन थांबली," एक जण म्हणाला आणि सगळे खिदळले.

त्यांनी बनवलं होतं 'झुमेटोकी'.

ती पुढे आली. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. तिची आई दाराशी पदर दातात धरून उभी होती.

"झु," ती म्हणाली. थांबली. "मे. टो." पुन्हा थांबली. "की. झुमेटोकी." मग वडिलांकडे वळून, अगदी साहेबाच्या आवाजात, "पप्पा, ह्याला अर्थ नाई. रिजेक्ट."

वर्ग ओरडला. वडिलांनी तो शब्द मोडला आणि दुसरा मांडला, आधीपेक्षा लांब. तिने तोही वाचला. तिसरा वाचला. चौथा मांडताना त्यांचे हात थांबले. समोरच्या तुकड्यांकडे बघत ते म्हणाले, "हे तर मी आत्ता केलंय. हे पाठ कसं असंल?"

"नसतंय," ती म्हणाली.

ते उठले, पँट झटकली आणि मुलीच्या आईला म्हणाले, "गावी आईला फोन लाव. म्हणावं, पोरगी येत नाही."

ते गेल्यावर नव्या बाई माझ्याकडे वळल्या. "सर, हे तुम्हाला बरोबर सुचलं."

"मला नाही," मी म्हणालो. अर्थ नसलेला शब्द वाचायला लावायचा, हे माझ्या बायकोचं होतं. ज्या शब्दाला आठवणीचा आधार नाही तो वाचला की मुलाला वाचता येतं, एवढी साधी परीक्षा तिने स्क्रॅपच्या डब्यात ठेवून दिली होती आणि त्या परीक्षेला कधी मोठं नाव दिलं नाही. इतकी वर्षं मी कंपनीत तपासणीच करतो. इतकी चोख तपासणी माझ्या हातून झालेली मला आठवत नाही. हे तिला जेवताना सांगायला मला आवडलं असतं.

ती मुलगी आता तिसरीत आहे, दापोडीतच. गुरुवारी मी शाळेत जाऊन फोम कापतो. घरी मी एकटा आहे.